शोभाताईंना पुढे जाऊ देऊ नका

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचते. वाचले, जरा मजा आली, विसरले. मी खामगावला ज्युनिअर कॉलेजमध्ये गणित शिकवते. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, अमावास्या पाळत नाहीत. मांजर आडवं गेलंच तर मांजराला 'हट' म्हणून पुढे जाणारी माणसं आम्ही. त्यामुळे हे लिहायला बसले आहे याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण एकदा नीट, क्रमाने लिहून काढायचं असं ठरवलंय... तर लिहिते.

चाळिशी ओलांडल्यावर शुगर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून गिअरची सायकल घेतली. आधी शेगावपर्यंत, मग नांदुरा, मग वडनेर भोलजी... असं करत करत सवय लागली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सायकल चालवायला काय मजा आहे हे चालवल्याशिवाय कळत नाही. खाली पूर्णेच्या बाजूला सपाट काळी जमीन, वर घाट चढून गेलं की सगळा लाटालाटांचा मुलूख. एक चढ, एक उतार, मध्ये एखादं जुनं गाव — पडकी वेस, बारव, मशिदीचा मिनार, आणि चौकात गरम भजी.

या नादात मी माझ्या नणंदेला ओढलं. शोभाताई, प्रमोदची — म्हणजे माझ्या नवऱ्याची — मोठी बहीण. पिंपळगाव राजाला राहते. नवरा गेल्यापासून शेत तिनंच पाहिलं. शेतात जायला नवऱ्याची जुनी उंच सायकल होती, ती तिनं नऊवारी सोडून पाचवारी नेसून, नंतर पंजाबी ड्रेस घालून चालवली. गावानं आधी हसून घेतलं, मग सवय झाली. माझी पाहून पुढे तिनंही तशीच गिअरची सायकल घेतली. तिच्या गळ्यात कायम एक लाल गमछा असतो. घाम पुसायला, डोकं बांधायला, भाजी गुंडाळायला, सगळ्याला तोच.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत तिनं मला म्हटलं, "वैनी, जिल्हा आपला जिल्हा आपला म्हणतो आपण. पर पाह्यला कुठं? लग्नाले गेली तं जीपमंदी मांगच्या सीटवर बसून गेली. खिडकीतून माणसाचे पायच दिसले."

"कुठे जायचंय मग?"

"सिंदखेड राजाले. राजवाडा पाह्याचा हाय मले. तिथून लोणार, मेहकर, अन् वापस. सायकलीनं."

मी नकाशा काढला. पहिल्या दिवशी पिंपळगाव राजा, मोताळा, राजूर घाट चढून बुलढाणा. दुसऱ्या दिवशी चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. तिसऱ्या दिवशी लोणार आणि मेहकर, चौथ्या दिवशी घरी. तिच्या मोठ्या मुलाला, अमोलला, हे अजिबात पसंत नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला.

"आई, हे वय हाय का तुहं? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं मी वखर हाकलत होती तवाबी म्हणत होते," ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने सायकल बाहेर काढली.

मी मुद्दाम हे सांगते आहे, कारण पुढे अमोलवर संशय येणार आहे.

त्या सकाळी मी खामगावहून अंधारातच निघून पिंपळगाव राजाला पोहोचले होते. शोभाताईंनी पोहे केले होते. पोहे खाऊन, गावातल्या चार बायकांनी दिलेले शंभर सल्ले ऐकून आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणीवाल्या बाया हात वर करून ओरडत होत्या, "कुठी चालल्या व बाई?" आणि शोभाताई प्रत्येकीला थांबून सांगत होती. मोताळ्याला पोहोचायला त्यामुळेच उशीर झाला.

दुपारनंतर आम्ही राजूर घाटाला लागलो. ज्यांनी हा घाट गाडीने चढलाय त्यांना तो छोटासा वाटतो. सायकलवर तो छोटा नाही. आम्ही सगळ्यात हलका गिअर टाकून, बोलणं बंद करून चढत होतो. मी पुढे, ती मागे.

एका वळणाआधी वरून सायकल येत असल्याचा आवाज आला. गिअरची सायकल उतारावर असली आणि पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून एक बारीक टरटर येते. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. समोरून कोणी जोरात येतंय म्हणून मी डावीकडे पार कडेला सरकले. आवाज वळणावर आला, आमच्या अगदी उजवीकडून गेला, आणि खाली लांब होत गेला.

रस्त्यावर कोणीही नव्हतं.

मी पाय टेकवला. शोभाताईंनी पण टेकवला.

"गेली का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"सायकल."

"मला दिसली नाही."

"मलेबी नाही दिसली," ती म्हणाली आणि गमछ्याने तोंड पुसलं. "वरच्या वळणावरून गेली असन. घाटात आवाज कुठचा कुठी येते."

मलाही ते पटलं. घाटात आवाज फिरतोच. पुढे ती एकदा थांबली आणि जबडा धरून उभी राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "दाढ दुखून राह्यली. वारं लागलं थंड." दहा-वीस श्वास घेतले आणि परत निघाली. आम्ही दोघींनीही त्याचा काही विचार केला नाही.

घाटमाथ्याजवळ एक म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. आम्ही तिच्यापाशी टेकलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिली.

"काय व बाई, आत्ता तं खाली गेली तू. इतक्यात वर बी आली?"

"मी? मी तर खालूनच येतेय, मावशी."

"चष्मेवाली. अशीच सायकल, डोक्यावर असंच टोपडं." हेल्मेटला ती टोपडं म्हणत होती. "म्या हाक देली, सीताफळं घेऊन जाय म्हटलं. तुवा पाह्यलंबी नाही."

शोभाताई हसली. "वैनी, तुही जुळी बहीण हाय वाटते घाटात."

मीही हसले. बुलढाण्यात सायकलवाल्यांचा चांगला ग्रुप आहे, त्यात चष्मेवाल्या बायका असणारच. खाली जाताना आम्हाला का भेटली नाही, हा प्रश्न मनात आला होता, पण सीताफळ इतकं गोड होतं की तो प्रश्न मी बियांबरोबर थुंकून टाकला.

बुलढाण्याला माझ्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. शोभाताईंनी झोपण्याआधी दाढेखाली लवंग धरली.

दुसऱ्या दिवशी चिखलीपर्यंत मजेत गेलो. चिखलीच्या पुढे देऊळगाव राजाच्या रस्त्याला चढउतार चालू होतात, आणि ऊनही लागायला लागलं होतं. शोभाताई नेहमीपेक्षा हळू चालवत होती, पण विचारलं की "काही नाही" म्हणायची. मेरा चौकीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक छोटं हॉटेल आहे. पत्र्याचं शेड, दोन बाकडी, बाहेर मातीचा माठ. तिथे चहाला थांबलो. हॉटेल चालवणारी बाई साधारण माझ्याच वयाची, नाव सुमनबाई. ती भजी तळत होती. आम्हाला पाहिल्यावर तिनं झारा तसाच कढईवर ठेवला, पदराला हात पुसत बाहेर आली, आणि मला म्हणाली, "आल्या का?"

मला वाटलं, ही सगळ्यांनाच असं म्हणत असेल.

मग तिनं शोभाताईंकडे बघितलं. "ह्याच का त्या शोभाताई?"

मी चहाचा कप तोंडाला लावत होते, तो तसाच राहिला.

"तुम्ही ओळखता यांना?" मी विचारलं.

"मी कशी वळखणार? तुमीच तर सांगितलं. काल सकाळी."

"काल सकाळी मी इथे नव्हते."

"अवो, तुमीच," ती म्हणाली. चिडून नाही, समजावल्यासारखी. "हीच सायकल घेऊन आल्या. म्हणाल्या, उद्या एक शोभाताई येतील, पिंपळगाव राजाच्या. गळ्यात लाल गमछा. त्यांना पुढं जाऊ देऊ नका. काय वाट्टेल ते करा, पण इथंच अडवा. दोनदा सांगितलं तुमी."

काल सकाळी मी पिंपळगाव राजाला पोहे खात होते. इथून एवढ्या लांब, घाटाच्या खाली.

शोभाताई उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं घाबरली. पण ती घाबरली नव्हती.

"हे माह्या पोराचं काम हाय," ती म्हणाली.

"अमोलचं?"

"त्याचंच. कोणाले तरी पाठवलं, नाही तं फोन करून सांगतलं. तरीच म्हणलं, एवढ्या गुमान कसं सोडलं यानं मले." ती सुमनबाईकडे वळली. "बाई, तुमचा काही दोष नाही. पर मले कोणी अडवत नसते. वैनी, उठ."

मलाही ते पटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अमोलचे मित्र सगळीकडे आहेत, बियाण्याच्या धंद्यात आहे तो. कोणाला तरी सांगून त्यानं हे केलं असेल, आणि या बाईला माझा चेहरा नुसता वाटला असेल. म्हणून मी कप ठेवला, हेल्मेट घातलं. शोभाताई माठातलं पाणी घ्यायला वाकली. वाकली तशी एक क्षण माठाला हात टेकवून उभी राहिली, आणि दुसऱ्या हाताने तिनं परत जबडा धरला. कालसारखाच. कपाळावर घाम होता. सावलीत, गार वाऱ्यात.

त्या क्षणी मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मला भुताखेताचं काही वाटलं नाही. डोक्यात फक्त एक गोष्ट आली की ही पुढच्या चढावर जाता कामा नये. कोणी का सांगितलं असेना, खोटं का असेना. मी तिच्या सायकलपाशी गेले. या सायकलींचं पुढचं चाक एक खटका ओढला की निघतं. मी खटका ओढला, चाक काढलं, आणि ते मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले.

शोभाताई वळली. "हे काय करून राह्यली?"

"आपण चिखलीला परत जाऊ. डॉक्टरला दाखवू. मग पुढे."

"चाक लाव वैनी."

"नाही लावत."

"तूबी त्यायलेच सामील झाली का?"

हे तिनं फार हळू विचारलं, आणि मला ते फार लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ज्या बाईला मी स्वतः घरातून बाहेर काढलं, जिच्यासाठी नकाशा काढला, तिला आता मीच रस्त्यात बसवत होते. सुमनबाई कढईपाशी जाऊन उभी राहिली होती. रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ बसली.

"ताई," मी म्हटलं, "मी तुम्हाला सिंदखेडला नेणार आहे. आज नाही तर उद्या. पण तुमची दाढ दुखत नाहीये. दाढ दुखली की घाम येत नाही."

"अन् मले काहीच नाही निघालं तं?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मंग तू माह्या मांगं-मांगं येशीन. सिंदखेड येईपर्यंत एक शबुद बोलशीन नाही. अन् घरी जाऊन सगळ्यायले सांगशीन का चूक तुही होती."

"कबूल."

"चाल मंग. लवकर दाखवू अन् लवकर येऊ."

सायकली सुमनबाईकडे ठेवल्या. चिखलीकडे जाणारी जीप तिनंच हात करून थांबवली. जीपमध्ये शोभाताई खिडकीतून बाहेर बघत बसली. चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढला, कागद हातात घेतला आणि तिला उठू दिलं नाही. बाहेर येऊन मला विचारलं, "ह्या आत्ता सायकल चालवत होत्या?"

"हो."

"किती वेळापासून त्रास आहे?"

"काल दुपारपासून... दाढ दुखतेय म्हणत होत्या."

गोळ्या जिभेखाली, इंजेक्शन, मग अॅम्ब्युलन्समधून संभाजीनगर. त्या प्रवासात तिचा हात माझ्या हातात होता आणि ती वर छताकडे बघत होती. एकदा म्हणाली, "चूक तुही नव्हती म्हणजे." मी म्हटलं, "गप्प बसा तुम्ही."

हृदयाची मोठी नस जवळजवळ बंद होती. नळी टाकली. तिथले डॉक्टर प्रमोदला म्हणाले की अशा अवस्थेत उन्हात आणखी दोन-चार चढ चढल्या असत्या तर आपण हे बोलत नसतो.

अमोल संभाजीनगरला पोहोचला तेव्हा आधी रडला आणि मग भांडला. तो शांत झाल्यावर मी त्याला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. "तू मेरा चौकीजवळच्या हॉटेलवर कोणाला पाठवलं होतंस का?"

"कोणतं हॉटेल, मामी?"

"खरं सांग. तू अडवायला सांगितलं असशील तर तुझ्या पाया पडेन मी."

"मले तं हेबी माहीत नव्हतं का तुमी कोणत्या रस्त्यानं चालल्या. मी आईशी बोलतच नव्हतो."

नंतर त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवून तेच सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

काही दिवसांनी, शोभाताई घरी आल्यावर, प्रमोद आणि मी सायकली आणायला पिकअप घेऊन गेलो. प्रमोदला मी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की हॉटेलवालीनं मदत केली. तो सायकली चढवत होता, तेवढ्यात मी सुमनबाईकडे गेले. तिनं मला पाहिलं आणि एक पाऊल मागे गेली. मग पुढे येऊन माझ्या हाताला हात लावून पाहिला. मनगटाला, कोपराला.

"तुमीच ना?" तिनं विचारलं.

"मीच. शोभाताई बऱ्या आहेत. तुमच्यामुळे."

तिनं डोळ्याला पदर लावला. मग मी तिला म्हटलं, आम्ही यायच्या आदल्या दिवशी सकाळी काय झालं ते सगळं सांगा. काही वगळू नका.

ती म्हणाली, ती चूल पेटवत होती. ऊन नुकतंच आलं होतं. ती बाई चिखलीकडून नाही, देऊळगाव राजाच्या बाजूने आली. एकटी. आम्ही जिकडे निघालो होतो तिकडून, परत येत असल्यासारखी.

"तुमीच व्हत्या, ताई. पण अशा नव्हत्या. डोळे सुजून असे बारीक झाल्ते. रात्रभर रडल्यावानी. मला वाटलं, घरचं कोणी गेलं असंल यांचं." सुमनबाई थांबली. "अन् गळ्यात लाल गमछा व्हता. तुमच्या गळ्यात."

माझ्याकडे लाल गमछा नाही. कधीच नव्हता.

"मग?"

"माझा हात धरला. हात बाईमाणसाचाच व्हता, ऊनऊन. म्हणाल्या, उद्या शोभाताई येतील. मी म्हणलं बसा, च्या घ्या. बसल्या नाहीत. परत तेच सांगितलं अन् सायकलवर बसून चिखलीकडं गेल्या. लई घाईत. कोणाला तरी गाठायचं असल्यावानी."

आमच्याकडे. ती आमच्याकडे निघाली होती. आणि त्याच दुपारी राजूर घाटात काहीतरी आमच्या उजव्या बाजूने खाली गेलं होतं.

प्रमोदनं हॉर्न वाजवला. मी गाडीत बसले. खामगावपर्यंत मी डोळे मिटून बसले, त्याला वाटलं थकले आहे.

मी नंतर जे जे तपासता येईल ते तपासलं. माझ्या फोनमध्ये त्या राईडची रेष आहे, त्या सकाळी ती खामगाव ते पिंपळगाव राजा अशीच आहे. बुलढाण्याच्या सायकल ग्रुपमध्ये विचारलं, त्या दिवशी त्यांच्यातलं कोणीही घाटात नव्हतं. सीताफळवाल्या म्हातारीला शोधलं, ती भेटली, पण तिला तेव्हाचं धड आठवत नव्हतं. सुमनबाईला कुठून नाव कळलं, गाव कळलं... मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. एकही शेवटपर्यंत जात नाही. प्रमोदला हे सगळं मी अगदी अलीकडे सांगितलं. त्याचं म्हणणं, सुमनबाईनं आधी काहीतरी ऐकलं असेल आणि नंतर तिच्या मनानं बाकीचं रचलं. असेलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण वर्गात मी पोरांना सांगते की उत्तराला पायऱ्या लागतात, आणि इथे माझ्याकडे एकही पायरी नाही. अजूनही नाही. कोणाला सुचत असेल तर सांगा. फक्त 'देवाची कृपा' एवढंच लिहू नका, ते मला आमच्या शेजारणीनं सांगून झालंय.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा शोभाताईंनी एकच अट घातली. सुरुवात पुन्हा घरापासून नाही, जिथं थांबलो तिथून. अमोल स्वतः आम्हाला गाडीने सोडायला आला. तिथून आम्ही फार हळू गेलो. प्रत्येक चढावर उतरून चालत, दर थोड्या वेळानं थांबत. मी काही म्हणायच्या आधी तीच म्हणायची, "दम घेऊ." देऊळगाव राजाला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिंदखेड राजाला पोहोचलो. ती राजवाड्याच्या मोठ्या दरवाजासमोर बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मग सावलीत येऊन बसली आणि डबा उघडला. भाकरी, ठेचा, कांदा.

तिथे मी तिला सगळं सांगितलं. तोपर्यंत तिला फक्त निरोपाचं माहीत होतं, आणि अमोल नाही म्हणतो एवढं. ती बाई कुठून आली, कशी दिसत होती, गळ्यात काय होतं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ती जेवायची थांबली होती. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता देवाचं नाव घेईल, नाही तर मला वेडी म्हणेल.

तिनं रस्त्याकडे पाहिलं. जिथून आम्ही आलो होतो, त्या बाजूला.

"वैनी," ती म्हणाली, "त्या हॉटेलवालीनं तिले पाणी तरी पाजलं का?"

"चहा घ्या म्हटलं होतं. ती थांबली नाही."

शोभाताईंनी डब्यातली भाकरी अर्धी तोडली, हातात धरून राहिली.

"एवढ्या दुरून आली," ती म्हणाली, "अन् उपाशीच गेली."